पाइनच्या खोडावर सालीसारखा दिसणारा करडा पतंग कुठला असेल?

तुम्ही लिहिलंय की युरोपात पाइनच्या जंगलात खोडावर करडा, चांगला अंगठ्याएवढा पतंग दिसला, पंखांवर दोन-तीन काळ्या रेघा होत्या आणि दोन पावलं मागे सरलात तर परत सापडेचना. हा बहुतेक पाइन हॉकमॉथ, शास्त्रीय नाव स्फिंक्स पिनास्ट्री, स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली हे नाव दिलं. बहुतेक म्हणतोय कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत पोट झाकलं गेलंय आणि खात्री तिथेच पटते. पोटाच्या बाजूंना काळे-पांढरे पट्टे असले तर हाच, गुलाबी रंग दिसला तर मात्र त्याचे भाईबंद, प्रिव्हेट हॉकमॉथ किंवा कॉन्व्हॉल्व्ह्युलस हॉकमॉथ. पंख पसरल्यावर हा ७ ते ९ सेंटीमीटर भरतो.

त्या काळ्या रेघांकडे नीट बघा. हा डोकं वर करून, पंख मागे मिटून बसतो, त्यामुळे त्या रेघा बरोब्बर सालीच्या उभ्या भेगांच्या दिशेने येतात आणि आपली नजर त्यावरून सरळ पुढे निघून जाते. मला तर हे किती वेळा बघितलं तरी नवलच वाटतं!

त्याची अळी पाइनची सुईसारखी पानं खाते, स्प्रूस या पाइनसारख्याच सूचिपर्णी झाडाचीही खाते. सुरवंट म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे केसाळ काहीतरी येतं, पण ही गुळगुळीत असते, हिरव्या अंगावर लांबच लांब पांढरट पट्टे, म्हणजे पानांच्या झुबक्यात बसली की दिसणारच नाही. मोठी झाली की पाठीवर तपकिरी पट्टा येतो. शेपटाकडे शिंग असतं पण ते टोचत वगैरे नाही. मी अळी शोधताना वर बघतच नाही, आधी झाडाखाली बघतो, तिथे खाचा असलेल्या जाड लेंड्या पडलेल्या दिसल्या की मग त्याच्या वरची फांदी. पुढे ती खाली उतरून पालापाचोळ्यात कोष करते आणि हिवाळा तिथेच काढते, म्हणून झाडाखालचा पाचोळा उगाच झाडून काढू नका प्लीज.

पतंग मे ते ऑगस्टमध्ये दिसतात. पुढच्या वेळी सापडला तर एक फोटो बाजूने काढा, पोट दिसेल असा, पण बोट लावू नका, आणि त्याचे पंख थरथरायला लागले तर लगेच मागे व्हा, उडायच्या आधी तो अंग गरम करत असतो.