वाचक विचारतात: अकोले तालुक्यात बारा महिने

प्रश्न: आम्ही ठाण्यात राहतो. वर्षातून एकदा लांबच्या प्रवासाला जाण्याऐवजी जवळचाच एखादा डोंगराळ मुलूख निवडावा आणि तेथे निरनिराळ्या ऋतूंत तीन-चार वेळा जावे, असे आम्ही या वर्षी ठरवले आहे. भंडारदऱ्याचे नाव पुढे आले, पण ‘भंडारदरा पावसाळ्यातच पाहावा, एरवी तेथे काही नसते’ असे बऱ्याच जणांनी सांगितले. हे कितपत खरे आहे? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर: धरण आणि धबधबे एवढ्यापुरताच भंडारदरा पाहायचा असेल, तर ज्यांनी तुम्हाला असे सांगितले ते चुकीचे बोलत नाहीत. तुम्ही मात्र एका ठिकाणाचा नव्हे, तर संपूर्ण अकोले तालुक्याचा विचार करावा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेल्या या तालुक्याची पश्चिम कड म्हणजे सह्याद्रीची मुख्य रांगच आहे. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे तिन्ही याच तालुक्यात येतात. प्रवरा रतनगडाच्या आणि मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावते व दोन्ही नद्या आपापल्या खोऱ्यांतून पूर्वेकडे उतरतात. कड्याच्या काठावर वसलेल्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर रस्त्याने साठेक किलोमीटरवर असलेले अकोले शहर पर्जन्यछायेत असल्याने तेथे त्याचा लहानसा अंशच पोहोचतो. एका तालुक्यात पावसाचा एवढा उतार असल्यामुळेच, एका खोऱ्यात पाहण्यासारखे काही उरले नाही तरी दुसऱ्या खोऱ्यात ते असते.

प्रथम पावसाळ्याविषयी. जुलै-ऑगस्टमधील शनिवार-रविवार हा येथे जाण्याचा सर्वांत वाईट काळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जलाशयाभोवतीचा अरुंद रस्ता मोटारींनी भरून जातो आणि माणसे धबधब्यांपेक्षा वाहनांच्या रांगाच अधिक पाहतात. शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे आणि धबधबे मोजण्याऐवजी आवणी पाहावी. खाचरांत गुडघाभर चिखलात उभे राहून भाताची रोपे लावणारी घरेच्या घरे रतनवाडी, मुतखेल, साम्रद या बाजूला आषाढात दिसतात. भंडारदऱ्याचे विल्सन धरण या काळात भरत येते. स्वातंत्र्यदिनापर्यंत भंडारदरा भरले की नाही, याकडे खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरपर्यंतच्या शेतकऱ्यांचे लक्ष लागलेले असते, कारण त्यांचा ऊस आणि गहू याच पाण्यावर उभा राहतो. सुमारे अकरा टीएमसी (अब्ज घनफूट) साठवणुकीचे हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या भिंतीतील मोरीतून पाणी सोडले की ते खडकावरून छत्रीसारखे पसरते आणि त्याला अंब्रेला धबधबा म्हणतात. तो निसर्गाच्या नव्हे, तर पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे वाहतो. रंध्याचा धबधबाही धरणातून प्रवरेत किती पाणी सोडले आहे त्यावर अवलंबून असल्यामुळे तो कोरडा दिसला म्हणून निसर्गाला बोल लावू नये.

माझ्या दृष्टीने खरा ऋतू भाद्रपद उतरणीला लागल्यावर सुरू होतो. पाऊस थांबत आलेला असतो, ओढे वाहते असतात, धुके विरळ झाल्याने डोंगर मुळातून माथ्यापर्यंत दिसतात आणि पठारांवर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग पसरतो. कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच फुलते, त्यामुळे तिच्यासाठी मुद्दाम निघण्यापूर्वी गावात चौकशी केलेली बरी. नवरात्रात कळसूबाईच्या माथ्यावरील देवीच्या दर्शनाला आसपासच्या गावांतून रीघ लागते. बारी गावातून वर जाण्यास साधारण तीन ते चार तास लागतात आणि अवघड कातळांवर लोखंडी शिड्या आहेत. शांतपणे चढायचे असेल तर नवरात्र टाळावे आणि जत्रा पाहायची असेल तर नेमके तेव्हाच जावे.

दिवाळीनंतर भात कापून होतो, खळी लागतात आणि थंडी पडू लागते. राजूर येथे दरवर्षी हिवाळ्यात, साधारणपणे डिसेंबरमध्ये, डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. शहरातून येणारे फार थोडे लोक ते पाहतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. डांगी हे याच मुसळधार पावसाच्या पट्ट्यातील गोवंश. त्याच्या तेलकट कातडीवरून पाणी ओघळून जाते, म्हणून चिखलात आणि संततधारेत हे बैल दिवसभर कामाला टिकतात. ज्या पावसासाठी पर्यटक येथे येतात, त्याच पावसाने हे जनावर घडवले आहे. प्रदर्शन पाहून झाल्यावर राजूरचे पेढे घेण्यास विसरू नये.

जानेवारी-फेब्रुवारी हा गड आणि घळींचा काळ. रतनगडावरील नेढ्यातून, म्हणजे कातळातील आरपार भोकातून, येणारा वारा थंडीच्या सकाळी अनुभवावा. साम्रदची सांदण घळ याच दिवसांत पाहावी. तिच्या उभ्या कातळभिंतींमधील वाट जागोजागी हातभर अरुंद होते आणि पावसाळ्यात तीतून पाण्याचा लोंढा वाहत असल्यामुळे तेव्हा तेथे उतरणे जिवावर बेतू शकते. महाशिवरात्रीला हरिश्चंद्रगड, रतनवाडीचे अमृतेश्वर आणि अकोल्याचा अगस्ती आश्रम या तिन्ही ठिकाणी यात्रेची गर्दी असते.

मार्चअखेरपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ वगळावा. सिंचनाची आवर्तने सुटल्याने जलाशय खाली गेलेला असतो आणि काठावरची चिखलाची पट्टी रुंदावत जाते. सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या याच वाड्यांतील बायकांना त्या दिवसांत हंडाभर पाण्यासाठी लांब चालावे लागते, कारण उतारावरचा पातळ मातीचा थर पाणी धरून ठेवत नाही. अशा वेळी पाहुण्याच्या आंघोळीच्या बादलीचाही भार गावावर पडतो. तेव्हा बारा महिने म्हणण्यापेक्षा दहा महिने म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

तुम्ही ठाण्याच्या असल्यामुळे आणखी एक सांगावेसे वाटते. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे हे याच तालुक्यातील देवगावचे आणि त्यांना २ मे १८४८ रोजी फाशी दिले गेले ते ठाण्याच्या कारागृहात. महादेव कोळी समाजाच्या या मुलखात त्यांचे नाव आजही घरोघरी आदराने घेतले जाते, त्यामुळे मुलांना ही माहिती निघण्यापूर्वीच दिलेली बरी.

प्रश्न: माझ्या आईचे वय सत्तरच्या पुढे असून गुडघ्यांमुळे तिला चढ-उतार जमत नाहीत. तिला बरोबर घेऊन या भागात गेलो तर तिला गाडीतच बसून राहावे लागेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: मुळीच नाही, फक्त ठिकाणे निवडून घ्यावी लागतील. धरणाजवळच्या शेंडी गावाहून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या रतनवाडीपर्यंत मोटार जाते आणि अमृतेश्वराचे मंदिर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. शिलाहारकालीन मानल्या जाणाऱ्या या देवळाचे शिखर, खांबांवरील बारीक कोरीवकाम आणि बाहेरची कोनाड्यांची पुष्करणी पाहण्यास निवांत तास-दोन तास द्यावेत. बरेच जण रतनगडाची वाट धरण्याच्या घाईत या देवळाला केवळ नमस्कार करून पुढे जातात, तेव्हा तुमच्या आईमुळे तुम्हालाच देऊळ नीट पाहायला मिळेल. तेथून पुढे घाटघरचा कोकणकडा गाडीच्या रस्त्यालगत असल्याने खुर्ची टाकून बसता येते आणि खाली कोकणाकडील दरी दिसते. जवळच २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असताना तेथे खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवले जाते आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण केली जाते.

परतीच्या वाटेवर अकोल्याला अगस्ती आश्रमात थांबावे. पावसाळ्यात मात्र आईंना घेऊन जलाशयाची पूर्ण फेरी करू नये. ओल्या फरशीवर घसरण्याचा धोका तर असतोच, शिवाय वाहनांच्या कोंडीत तासन् तास अडकल्यास वाटेत स्वच्छतागृह मिळणे कठीण होते.

प्रश्न: काजवे पाहण्यासाठी नेमके केव्हा जावे? तेथील गर्दीमुळे काजवे कमी होत आहेत, असे ऐकतो. मग जाणेच टाळावे का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर: मेच्या अखेरीपासून मोसमी पाऊस जोर धरेपर्यंत, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापर्यंत, हा काळ असतो. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेलेल्या असाव्यात आणि रात्र अमावास्येजवळची असावी. भंडारदऱ्याच्या परिसरात आणि मुळा खोऱ्याकडील पुरुषवाडीत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एकाच लयीत उघडझाप करताना दिसतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आवश्यक आहे. काजव्याचे लुकलुकणे हे त्याचे जोडीदाराला दिलेले बोलावणे असते आणि प्रौढावस्थेतील काही आठवड्यांतच मीलन व अंडी घालणे उरकायचे असते. अशा वेळी मोटारीचे दिवे, विजेऱ्या आणि भ्रमणध्वनीचे झोत त्या झाडावर पडले, तर बोलावणे ऐकू जात नाही, म्हणजेच दिसत नाही आणि ती रात्र वाया जाते. त्याहून न दिसणारे नुकसान पायाखाली होते. काजव्यांच्या अळ्या जमिनीलगत, ओलसर पाचोळ्यात गोगलगायींवर जगतात, त्यामुळे छायाचित्रासाठी झाडाच्या बुंध्यापर्यंत गेलेल्या घोळक्याने पुढच्या पिढीचाच चुराडा होतो.

म्हणून माझे उत्तर असे आहे की जावे, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी, गावातील वाटाड्या घेऊन आणि गाडी गावातच उभी करून जावे. पायवाटेवरूनच चालावे, झाडापासून दूर उभे राहावे, विजेरी लागलीच तर तिच्यावर लाल कागद लावून ती जमिनीकडे धरावी आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प राहावे. रात्री दहानंतर गर्दी ओसरते. हा भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्यामुळे वन विभागाच्या नाक्यावर शुल्क भरावे लागते आणि प्रवेशाच्या वेळांविषयी तेथे मिळणाऱ्या सूचना पाळाव्या लागतात. कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालणाऱ्या पर्यटकांविषयी मला यत्किंचितही सहानुभूती नाही.

प्रश्न: हरिश्चंद्रगडावर कोणत्या वाटेने जावे? ‘इंद्रवज्र’ दिसण्याची शक्यता कधी असते? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, संगमनेर)

उत्तर: पाचनईची वाट सर्वांत सोपी असून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीच धरावी. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट लांब आहे, तर नळीची वाट अनुभवी लोकांखेरीज कोणी घेऊ नये. वर हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर आणि गुडघ्याच्या वर येणाऱ्या गार पाण्यात उभे असलेले केदारेश्वराचे भव्य लिंग आहे. त्याच्या भोवतालच्या चार खांबांपैकी आज एकच शाबूत आहे.

इंद्रवज्र म्हणजे वर्तुळाकार इंद्रधनुष्य. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी येतो. अशा वेळी खालच्या दरीत ढग भरून आलेले असतील, तर त्या ढगांवर आपली सावली आणि तिच्याभोवती रंगांचे कडे दिसते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साईक्स यांनी ते येथे पाहिल्याची नोंद आहे. पावसाळ्याच्या अखेरीस उघडीप मिळालेल्या सकाळी ते दिसण्याचा संभव अधिक असतो. मात्र ते दिसावे म्हणून कड्याच्या काठावर उभे राहू नये, झोपून पाहावे.

प्रश्न: हॉटेलऐवजी गावातील घरी राहायचे असेल तर कोणती पथ्ये पाळावीत? जेवणाची सोय होते का? (एक दांपत्य, कल्याण)

उत्तर: जेवण उत्तम मिळते, पण आधी सांगावे लागते. ऐनवेळी आठ माणसे दारात उभी राहिली तर घरच्या बाईला दिवसभराचे शेतकाम टाकून चुलीपुढे बसावे लागते. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, रानभाज्या, नव्या तांदळाचा भात असे जेवण मागावे. पनीर आणि चायनीजची फर्माईश करू नये, कारण ती पुरवण्यासाठी कोणाला तरी राजूरपर्यंत जावे लागते. रोख पैसे जवळ ठेवावेत, कारण अनेक वाड्यांत भ्रमणध्वनीला संपर्क मिळत नाही. दर आधी विचारून घ्यावा आणि ठरल्यावर घासाघीस करू नये. धरणाच्या काठावर तंबू ठोकणाऱ्यांपेक्षा गावातल्या घरी राहणाऱ्यांचा पैसा गावात अधिक टिकतो, हेही लक्षात घ्यावे.

शेतीत रस असेल तर एक दिवस कोंभाळण्यासाठी राखून ठेवावा. पद्मश्री सन्मान मिळालेल्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांचे हे गाव. त्यांनी देशी वाणांची जी बीजबँक उभी केली, तिची सुरुवात घरात गाडग्या-मडक्यांत राखलेल्या बियाण्यांपासून झाली. भेटीची वेळ आधी ठरवूनच जावे.

प्रश्न: स्वतःचे वाहन नसल्यास कसे जावे? (एक ज्येष्ठ वाचक, दादर)

उत्तर: रेल्वेने इगतपुरीला उतरून घोटीमार्गे एसटीने किंवा वडापच्या जीपने बारी आणि शेंडी गाठता येते. पुण्याहून येणाऱ्यांना आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा मार्ग सोयीचा पडतो. शेंडीच्या पुढे रतनवाडी-घाटघरकडे एसटीच्या फेऱ्या थोड्या असल्याने परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून घ्यावी.