जुन्या घरात पॉवरलाइन अडॅप्टर: खोक्यावरचा आकडा नंतर, आधी वायरिंग बघा

नमस्कार भाऊ. तुमचं यावलजवळचं घर असं आहे: पुढे स्लॅबचा नवीन भाग आणि तिथे फायबरचा राऊटर, मागे आजोबांच्या वेळचं धाब्याचं घर, दोन-दोन फुटी मातीच्या भिंती, आणि मुलीचा अभ्यास सगळ्यात मागच्या खोलीत. वाय-फाय माजघराच्या पुढे जात नाही. भिंतीला ड्रिल लावलं की माती ढासळते, म्हणून केबल ओढायची नाही. तेव्हा 1200 एमबीपीएसचा पॉवरलाइन अडॅप्टर घ्यावा का, आणि त्यावरच शेतातल्या खोलीत नेट नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात अशी अर्धी नवी, अर्धी जुनी घरं गावोगाव आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मागच्या खोलीपुरतं चालायची शक्यता चांगली आहे. शेतात चालणार नाही.

हे अडॅप्टर जोडीने लागतात, एक राऊटरपाशी आणि एक मागच्या खोलीत. हा अडॅप्टर घरातल्या 230 व्होल्टच्या लाईनवर नेटचा सिग्नल चढवतो, साधारण 2 ते 30 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. एव्ही2 (या अडॅप्टरचं पुढचं स्टँडर्ड) चे काही 86 मेगाहर्ट्झपर्यंत जातात. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला वायरीतला प्रत्येक जोड नडतो, काळ्या टेपने गुंडाळलेला तर जास्तच. शिवाय अंतर भिंतीवरून मोजायचं नाही, वायरीच्या रस्त्याने मोजायचं. दोन सॉकेट पाठीला पाठ लावून असले, तरी त्यांच्या वायरी मीटरपाशी जाऊन एकत्र येत असतील तर सिग्नलला तेवढा वळसा पडतो.

म्हणून खरेदीच्या आधी वायरमनला बोलवा. पहिलं विचारा, पुढचा आणि मागचा भाग एकाच फेजवर आहे का? थ्री फेज कनेक्शन असेल तर बऱ्याचदा दोन्ही भाग वेगवेगळ्या फेजवर टाकलेले असतात. एका फेजवरून दुसऱ्या फेजवर सिग्नल थोडाफार जातो, पण त्याच्या भरवशावर परीक्षेचा फॉर्म भरू नये. एक फेज गेली की दुसरीवर घ्यायला फिरवायचा स्विच दोन्ही भागांना वेगळा असेल, तर काल चालणारं नेट आज का बंद पडलं याचं उत्तर तिथेच असतं.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टर, आणि आपल्याकडे खरा गोंधळ इथेच होतो. इन्व्हर्टरची फेज वेगळ्या वायरीने काही ठरावीक बोर्डांनाच दिलेली असते. एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डात आणि दुसरा डायरेक्ट लाईनच्या बोर्डात लावला, तर लाईट असतानाही सिग्नलला इन्व्हर्टरमधून वाट काढावी लागते, तो कमजोर होतो. लाईट गेली की डायरेक्टवाला अडॅप्टर बंदच. म्हणून राऊटर आणि दोन्ही अडॅप्टर, तिन्ही इन्व्हर्टरच्याच लाईनवर घ्या. मागच्या खोलीत ती लाईन नसेल तर वायरमनकडून एक पॉइंट वाढवून घ्या. लाईट जाता-येता काही सेकंद नेट तुटू शकतं, पुन्हा जुळतं. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर बॅटरीवर चालताना नेट मंदावू शकतं, तेही तपासा.

आता तो 1200 चा आकडा. तो दोन्ही दिशांचा मिळून कागदावरचा वेग आहे. घरात त्याचा छोटा हिस्सा हाती येतो. 600 च्या बऱ्याच मॉडेलना तर पोर्टच 100 एमबीपीएसचं असतं. एव्ही2 ची खरी गंमत तिसऱ्या वायरीत आहे. फेज-न्यूट्रलबरोबर अर्थिंगची वायरही वापरून तो वेग वाढवतो. तुमच्या मागच्या भागातलं एखादं सॉकेट वायरमनला उघडायला सांगा. जुन्या घरात तीन भोकं असतात, पण वरच्या मोठ्या भोकामागे बहुतेक वेळा वायरच नसते. तसं असेल तर त्या महागड्या मॉडेलचे पैसे वाया. आधी अर्थिंग करून घ्या. नेटसाठी नाही, तर मुलगी त्याच बोर्डात लॅपटॉप लावणार आहे म्हणून. एरवी व्हिडिओ क्लासला चार-पाच एमबीपीएस स्थिर मिळाले तरी पुरतात.

परत करता येईल असाच सेट घ्या, आणि आपल्या सॉकेटमध्ये घट्ट बसणारी पिन बघून घ्या. कन्व्हर्टर प्लगवर तो हलत राहतो. आधी दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत लावून वेग बघा, मग एक मागे न्या. अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड सिग्नल गिळतो. मग लॅपटॉप केबलने जोडून राऊटरला पिंग (सिग्नल जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी) चालू ठेवा आणि घरातली एकेक वस्तू सुरू करा: मिक्सर, पाण्याची मोटर, पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्तातला मोबाईल चार्जर. चार्जरकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण शेजारच्या सॉकेटमधला एक चार्जरसुद्धा पिंग पाच मिलिसेकंदांवरून दोनशेवर नेऊ शकतो.

दोन्हींचं पेअर बटण दाबून स्वतःची जोडी नक्की करून घ्या. सिग्नल मीटरपाशी थांबेलच असं नाही, आणि शेजाऱ्याकडे तसाच अडॅप्टर असू शकतो. मागच्या खोलीत वाय-फाय हवं असेल तर घरातला जुना राऊटर चालेल: त्याचं डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याचा आयपी मुख्य राऊटरपेक्षा वेगळा ठेवा आणि केबल लॅन पोर्टात लावा.

धाब्याखालच्या लाकडी कड्यांच्या कडेने केबल नेता येते का, हेही एकदा बघा. भिंत न फोडता दाराच्या चौकटीवरून वाट मिळाली, तर माझं मत सरळ केबलच्या बाजूने. शंभर मीटरपर्यंत ती बिनघोर चालते. फक्त आतल्या तारेवर ब्लेड घासून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, घेऊ नका.

शेतातल्या खोलीची लाईन मोटारीच्या कनेक्शनवरची, म्हणजे डीपीच वेगळी. ट्रान्सफॉर्मर ओलांडून हा सिग्नल जात नाही. तिथे 5 गिगाहर्ट्झच्या वायरलेस ब्रिजची जोडी लावा, एक गच्चीवर आणि एक खोलीवर, एकमेकांकडे तोंड करून. मध्ये केळीचा बाग असेल तर ब्रिज बसवायचा पाईप पानांच्या वर निघेल इतका उंच घ्या. ओल्या पानांतून 5 गिगाहर्ट्झ फारसं पार होत नाही.