ग्रुप सोडून स्वतःचं लेबल (गाणी काढणारी कंपनी) काढायचं, तर आधी काय करावं?

अहिराणी रॅप करतोस, ग्रुप सोडून लेबल काढू का, असं विचारलंस. काढ भाऊ, पण आधी जुन्या गाण्यांचा कागद कर. जळगावात आम्ही चौघांनी भिंतीला गोधड्या टांगून रेकॉर्डिंग केलं होतं. वेगळे झालो तेव्हा मास्टर, म्हणजे गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग, कोणाचं यावरूनच दोस्ती तुटली. अजून बोलत नाही आम्ही. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग हे तीन वेगळे हक्क. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे ते दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखीच लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात. अमेरिकन रॅपर आइस क्यूबनं १९८९ मध्ये एनडब्ल्यूए हा त्याचा रॅप ग्रुप सोडला तोही पैशांवरूनच. बरीच गाणी त्यानं लिहिलेली, हिशोब मात्र दुसऱ्याकडे. लेबलचं नाव नंतर ठरव. या रविवारी पोरांसोबत बस, गाण्यागणिक कोणाचं काय ते लिहून सगळ्यांच्या सह्या घे.