नेवाडात बॉक्सिंग कायदेशीर झालं ते लास वेगासच्या कॅसिनोंमुळे का?

नाही. हा प्रश्न माझ्याकडे सरावाला येणारी मुलंही विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यानं बॉक्सिंगला कायद्यानं मान्यता दिली १८९७च्या जानेवारीत. लास वेगास गाव वसलं १९०५ला, आणि आजचे कॅसिनो ज्या कायद्यावर उभे आहेत तो १९३१चा.

खरं कारण होतं कंगाली. नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणी आटल्या आणि लोक राज्य सोडून जाऊ लागले. १८८०मध्ये लोकसंख्या ६२ हजार होती, ती १९००पर्यंत ४२ हजारांवर आली. एवढ्याशा वस्तीला राज्याचा दर्जा कशाला हवा, असं बाहेरची वर्तमानपत्रं उघड लिहीत होती.

त्याच सुमारास डॅन स्टुअर्ट नावाचा डॅलसचा आयोजक एका लढतीसाठी जागा शोधत वणवण फिरत होता. हेवीवेट विजेता जिम कॉर्बेट विरुद्ध बॉब फिट्झसिमन्स. बक्षिसाच्या पैशासाठी मुष्टियुद्ध करणं तेव्हा बहुतेक राज्यांत गुन्हा होता. टेक्ससच्या गव्हर्नरनं तर ही लढत रोखण्यासाठी १८९५मध्ये विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं! आर्कान्सानंही दार लावलं. १८९६मध्ये फिट्झसिमन्स आणि पीटर माहेर यांना रिओ ग्रांदे नदीच्या पात्रात, मेक्सिकोच्या बाजूच्या वाळूवर रिंग बांधून लढावं लागलं. लांबचा प्रवास करून आलेल्या लोकांसमोर ती लढत जेमतेम दीड मिनिटात संपली.

नेवाडानं मात्र स्टुअर्टला जवळ केलं. चर्चच्या लोकांनी विरोध केला, पण विधिमंडळानं कायदा केला आणि गव्हर्नर सॅडलर यांनी सही केली. सरळ सांगायचं तर एका लढतीसाठी केलेला कायदा होता तो. गाड्या भरून लोक येतील, हॉटेलं भरतील, चार पैसे राहतील, एवढाच हिशेब. मला त्यात काही लाज वाटण्यासारखं दिसत नाही. लढती इतरत्रही होतच होत्या, फक्त चोरून. इथे त्या उघड्यावर आल्या.

१७ मार्च १८९७, कार्सन सिटी. या लढतीचं चित्रीकरण झालं होतं आणि त्याचे काही तुकडे आजही बघायला मिळतात. मी ते कितीदा पाहिलेत त्याला गणती नाही. कॅमेऱ्याला उजेड लागतो म्हणून रिंग उघड्या मैदानात, भर उन्हात. सहाव्या फेरीत फिट्झसिमन्स खाली गेला. तो लोहारकाम केलेला गडी, पाय काटकुळे, खांदे मात्र घणासारखे. कॉर्बेटपेक्षा वजनानं कमी. उठला, आणि चौदाव्या फेरीत छातीच्या पिंजऱ्याखाली, पोटाच्या खळगीत डावा ठोसा घातला. कॉर्बेट शुद्धीत होता, पण श्वासच अडकला. दोरी धरून उठायला तो गुडघ्यावर सरपटतो, हात पुढे करतो, आणि मोजणी संपते. पोटाचा ठोसा डोक्याच्या ठोशाइतकाच लढत संपवतो हे मी मुलांना शिकवतो ते यावरूनच.

पुढे १९०६मध्ये आयोजक टेक्स रिकार्डनं नेवाडातल्याच गोल्डफील्डला जो गान्स आणि बॅटलिंग नेल्सन यांची लढत घेतली. रणरणत्या उन्हात ४२ फेऱ्या! शेवटी नेल्सननं कमरेखाली मारलं म्हणून कृष्णवर्णीय विजेता गान्स जिंकला. बक्षिसाच्या रकमेतला मोठा वाटा मात्र आधीच ठरल्याप्रमाणे हरलेल्या गोऱ्या नेल्सनला गेला.

माझ्या दृष्टीनं या कायद्याचं सगळ्यात मोठं काम १९१०चं. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता. त्याला हरवायला निवृत्त झालेला गोरा माजी विजेता जिम जेफ्रीज याला परत आणलं होतं. लढत सॅन फ्रान्सिस्कोत ठरलेली, स्टेडियमचं लाकूडकामही सुरू झालेलं, आणि कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं ऐनवेळी बंदी घातली. जेमतेम तीन आठवडे उरले होते. नेवाडात कायदा होता, गव्हर्नर डिकरसन यांनी परवानगी कायम ठेवली, रीनोत नवं स्टेडियम उभं राहिलं. ४ जुलैला पंधराव्या फेरीत, आयुष्यात कधीही खाली न पडलेला जेफ्रीज दोऱ्यांमधून अर्धा बाहेर लोंबला. हातावर पोट असलेल्या राज्यानं पैशासाठी केलेल्या कायद्यामुळे जॉन्सनला सगळ्या जगासमोर, कायदेशीर रिंगमध्ये, उजेडात जिंकता आलं. म्हणून मला नेवाडाबद्दल आदर आहे.

त्या रात्री देशभर दंगली झाल्या, अनेक कृष्णवर्णीय माणसं मारली गेली. १८९७ची फिल्म विरोध होऊनही गावोगावी दाखवली गेली होती. जॉन्सनच्या फिल्मवर शहराशहरांत बंदी आली, आणि १९१२मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणंच गुन्हा ठरवलं. तो कायदा १९४०पर्यंत टिकला.