वरचा प्लग पांढरा पडतोय

प्रश्न : काका, आमच्या फायबर होडीला दोन सिलिंडरचं, दोन कार्बोरेटरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) आहे. फुल रेसला दहा मिनिटांत ताकद पडते. वरच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग पांढराफटक, खालचा चॉकलेटी. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार चांगली आहे. पेट्रोलमधलं ऑइल वाढवू का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : ऑइल वाढवू नका, दादा! पांढरा प्लग म्हणजे बहुतेक तिथं पेट्रोल कमी पडतंय. ऑइल वाढवलं की तेवढ्या मापात पेट्रोल कमी होतं, मिश्रण आणखी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि एक्झॉस्ट जास्तच तापतो. कंपनीने ५०:१ (पेट्रोल:ऑइल) सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, तेवढंच.

खालचा प्लग ठीक आहे, म्हणजे टाकी आणि पंपावर माझा संशय कमी. वरच्याच कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नोझल) काढा. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी धरतं, मग जेटमध्ये चिकट थर बसतो. जेटमध्ये तार मात्र घालू नका, भोक मोठं होतं; क्लीनर आणि हवेनेच साफ करा. कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंचीही बघा. तरी पांढराच राहिला तर गॅस्केट, नाहीतर फ्लायव्हीलखालचं (वरच्या जड चाकाखालचं) क्रँक सील हवा ओढतंय.

खात्रीसाठी, ताकद पडताच चोक (हवा कमी करणारी झडप) किंचित ओढा. इंजिनाने उचल घेतली तर पेट्रोलच कमी पडतंय. प्लग बघताना फुल रेसवरूनच इंजिन बंद करा. आयडलवर आणलंत तर रंग फसवतो.

दुरुस्ती होईपर्यंत खोल पाण्यात जाऊ नका. असाच पांढरा प्लग चालवलेल्या एका इंजिनाचा भोक पडलेला पिस्टन मी स्वतः काढलाय.