मेक्सिकोतल्या ओआहाकाला पहिल्यांदा खरेदीला जाताय ना, मग एवढंच बघा

अहो पहिल्याच दिवशी शहरातल्या दुकानात बॅग भरू नका, गावात जा. काळी भांडी सान बार्तोलो कोयोतेपेकला, अलेब्रिहे (लाकडात कोरून रंगवलेले प्राणी) सान मार्तिन तिल्काहेतेला, करणारा समोरच बसलेला असतो, बिनधास्त विचारा.

नवीन लोक हमखास काळ्या चकचकीत सुरईत पाणी भरतात. ती चकाकी ग्लेझची, म्हणजे काचेसारख्या लेपाची, नाही हो, भाजायच्या आधी गारगोटीने घासघासून आणलेली असते, पाणी झिरपतं, शोभेलाच ठेवा. आणि स्वस्त ग्लेझवाल्या मातीच्या वाडग्यात आंबट तर अजिबात नको, शिसं असू शकतं.

अलेब्रिहे कोपाल लाकडाचे, खाली बारीक भुसा पडला की कीड समजा, पिशवीत बांधून काही दिवस फ्रीझरमध्ये. कारागिरांच्या सह्या, घराणी वगैरे नंतर बघू. घासाघीस मात्र आवरती घ्या, मोठ्या पीसवर महिनाभर ब्रश चाललेला असतो.