एकाच नावाचे दोन निकोलाय

प्रश्न : पावसात बाहेर पडणं होत नाही म्हणून रशियाच्या शेवटच्या झारचं जाडजूड चरित्र वाचायला घेतलं. शंभर पानांतच दमले. कुठला निकोलाय, कोणती मारिया, काही कळेना. त्यात एका पुस्तकात अलेक्झांडर दुसरा याचा खून १ मार्च १८८१ ला, दुसऱ्यात १३ मार्चला! सोडून देऊ का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, तारखांचं आधी उरकते. रशियात जुनी दिनदर्शिका चालायची; एकोणिसाव्या शतकात ती बारा दिवस मागे होती, विसाव्यात तेरा. तुमच्या दोन्ही तारखा बरोबर आहेत. माझ्या आजीचाही वाढदिवस घरात तिथीने व्हायचा, कागदावर तारीख भलतीच.

नावांत मीही आपटले आहे. एका पुस्तकात निकोलाय अलेक्झांड्रोविच १८६५ साली वारला, आणि पुढे १८९४ मध्ये तोच गादीवर! छापखान्याची चूक समजून मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. पुस्तक ग्रंथालयाचं होतं, ते नंतर खोडरबराने पुसत बसले. माणसं दोन होती, काका आणि पुतण्या; पुतण्या तोच तुमचा शेवटचा झार. ‘अलेक्झांड्रोविच’ म्हणजे अलेक्झांडरचा मुलगा. दोघांच्याही बापाचं नाव अलेक्झांडर. मधलं नाव वडिलांचं ही तर आपलीच रीत, तेव्हा ते गाळून वाचू नका.

सुनांची गंमत वेगळी. डेन्मार्कची डागमार, म्हणजे शेवटच्या झारची आई, लग्नानंतर मारिया फ्योदोरोव्हना झाली, तिची सून आलिक्स झाली अलेक्झांड्रा फ्योदोरोव्हना. दोघींपैकी कुणाच्याच वडिलांचं नाव फ्योदोर नव्हतं! ते घेतलं झारांच्या रोमानोव्ह घराण्याला पूज्य असलेल्या फ्योदोरोव्हस्काया मातेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, प्रतिमेवरून. कुलदेवीचंच म्हणा ना. आपल्याकडे ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहितात, तसलंच हे. माझ्या काकीला तिच्या माहेरी, शिरोड्याला, अजून जुन्या नावानेच हाक मारतात. चरित्रकारही असेच, एका पानावर माहेरचं नाव, पुढच्यावर सासरचं. वहीत दोन्ही शेजारीशेजारी लिहून ठेवा.

आता माझं मत. शेवटच्या झारपासून सुरुवात करूच नका. १९१८ च्या जुलैत येकातेरिनबुर्गच्या तळघरात त्याला कुटुंबासह गोळ्या घातल्या, हे वाचकाला आधीच ठाऊक असतं, मग लेखकही प्रत्येक पानावर अपशकुन पेरत जातो. (त्याची धाकटी मुलगी अनास्तासिया वाचली का, हेही विचाराल. नाही वाचली. १९९१ मध्ये उकरलेले आणि २००७ मध्ये सापडलेले अवशेष मिळून सगळ्यांचा हिशेब लागला.)

त्यापेक्षा डागमारचं चरित्र आधी वाचा. तिचं लग्न ठरलं होतं त्या पहिल्या निकोलायशी. तो वारला, आणि १८६६ मध्ये तिने त्याच्या धाकट्या भावाशी, अलेक्झांडरशी, लग्न केलं. थोरल्या मुलाला त्याच गेलेल्याचं नाव मिळालं. माझं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह इथे सुटलं. पुढे मुलगा झार झाला तरी दरबारी मिरवणुकीत विधवा सासू त्याच्या हाताला धरून पुढे, सून मागे. तिथला रिवाजच तसा. हे प्रकरण वाचताना तुम्हाला नकाशा लागणार नाही, वंशवृक्षही नाही!

१९१९ मध्ये ती इंग्रजांच्या युद्धनौकेतून क्रायमियाहून निघाली आणि १९२८ मध्ये डेन्मार्कमध्ये वारली. मुलगा गेला, हे तिने चारचौघांत कधीच मानलं नाही.

आत्ताच्या पुस्तकात खूण घालून ठेवा. चवथ आटोपली की उघडा. तोवर त्यातली सासू तुमच्या ओळखीची झालेली असेल.